पाण्यातल्या होडीचा तांडेल

माझ्या जावेसाठी आमच्या धाकट्या भावोजींचं स्थळ गेलं, तेव्हा मध्यस्थाने तिच्या घरी सांगितलं होतं की मुलगा निर्व्यसनी आहे, घरची होडी आहे आणि मुलगा गावाच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर आहे. व्यसनाचं आणि होडीचं तिने आल्या आल्या तपासून घेतलं. गोलकीपरचं मात्र तपासायला मिळेना. शिमग्यामागून शिमगे गेले. भावोजी दर वर्षी संघाची जर्सी घालून ऐटीत बंदरावर जायचे आणि पूर्ण सामना बाजूच्या बाकावर बसून परत यायचे. जर्सीला वाळूचा कण लागलेला नसायचा. दुसऱ्या दिवशी जाऊ ती जर्सी हातात घेऊन मला हाक मारायची आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशी विचारायची, "वहिनी, ही धुऊ का नुसती झटकू?"

भावोजी हसायचे. पण हसून झाल्यावर हातमोजे घेऊन मागल्या दारी जायचे आणि न वापरलेले ते मोजे उगाचच उन्हात घालून बसायचे. ज्या माणसाने लग्नाआधी सगळे शिमगे गोलात उभं राहून काढले, त्याला बायकोसमोर एकदाही उभं राहायला मिळू नये म्हणजे काय?

मी स्वतः म्हसळ्याकडची, भातशेतीवाल्यांची. आमच्याकडे कबड्डी. फुटबॉल म्हणजे शाळेतल्या पोरांनी पाय मोडून घ्यायचं निमित्त, एवढंच मला ठाऊक. लग्न होऊन या कोळीवाड्यात आले आणि बघते तर काय, म्हाताऱ्या बायकासुद्धा बोंबील वाळत घालताना ऑफसाइडवरून भांडतायत. शिमग्याला सगळ्या होड्या किनाऱ्याला असतात, तेव्हा स्पर्धा भरते. ओहोटीला वाळू लांबच लांब उघडी पडते, तेच मैदान. श्रीवर्धनहून आणलेले पोफळीचे सोट म्हणजे गोलचे खांब, आणि मागे आमचं जुनं जाळं. दोन वर्षांत मी इतकी बिघडले की शेजारणीच्या आधी जाऊन जागा धरायला लागले.

बिघडले आणि फसले. कारण आमच्या संघासारखा जीव खाणारा संघ दुसरा नसेल. संघ म्हणजे मंडळाचा, आणि मंडळाचे अध्यक्ष म्हणजे भावोजींच्या लग्नाच्या वर्षापासून आमचे हे. दर वर्षी नवा कोच. हरलो की कोच काढा, पुढच्या शिमग्याला दुसरा आणा, तोही हरला की त्यालाही काढा. खाडीपलीकडच्या गावाकडून आम्ही न चुकता हरायचो, त्यामुळे कोचही न चुकता बदलायचा. जेवायला तो आमच्याच घरी, म्हणून मला प्रत्येकाची चव पाठ आहे. एक मासे खात नव्हता. कोळ्याच्या घरात येऊन मूगडाळ मागायचा, आणि माझी सासू त्याच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तशी बघायची. दुसऱ्याला भात चालायचा नाही. तिसरा पहाटे शिट्टी फुंकून पोरांना वाळूत पळवायचा, आणि पोरं रात्रभर समुद्रावर जाळी ओढून आलेली असायची. एक जण तर कागदावर बाण काढून दाखवायचा. बाण झकास होते, चेंडू मात्र त्यांचं ऐकायचा नाही. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, आमच्याकडे नऊसुद्धा पुरे व्हायचे नाहीत.

बरं, कोच एकटा येईल तर शपथ. येताना आपली माणसं घेऊन यायचा. कुणी पनवेलचा, कुणी मुंबईचा, आणि गोलकीपर तर हमखास त्याच्या खास ओळखीचा. ती पोरं आदल्या दिवशी यायची, एकमेकांची नावं विचारायची आणि दुसऱ्या दिवशी आमच्या गावाच्या नावाने खेळायची. एकाने तर आपल्याच माणसाला पाडलं होतं. आम्ही बायका बोंबलांच्या बांबूंजवळ बसून मंडळाचा उद्धार करायचो. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय! गावात हाडाचे खेळाडू असताना भाड्याचे पाय आणायचे, आणि हरलो की शिव्या कोचला. त्यातल्या निम्म्या शिव्या मी घरी आल्यावर यांना नीट पोचवत असे.

यांच्याशी माझं कडाक्याचं भांडण व्हायचं ते भावोजींवरून. सख्खा भाऊ गोलकीपर आहे आणि तुम्ही पनवेलला फोन कसले लावताय, असं मी विचारायची. हे आधी गप्प बसायचे, मग चिडायचे, मग एकदाचं खरं बोलायचे. अध्यक्षाने आपल्याच भावाला उभं केलं आणि एक गोल खाल्ला, की गाव म्हणणार, घरचा म्हणून घेतला. ते एक वाक्य यांना ऐकायचं नव्हतं. त्या वाक्याच्या भीतीने या माणसाने भावाचे सहा शिमगे खाल्ले. मी म्हणायची, लोक काय, दोन्हीकडून बोलतात. यावर हे जाळं शिवायला निघून जायचे. जाळं फाटलेलं नसलं तरी.

यंदा मात्र यांच्या डोक्यात एक कल्पना आली. इतकी वर्षं हरतोय, तर दर्याला नारळ दिल्याशिवाय खेळायचंच नाही. आमच्याकडे होडी पाण्यात लोटायच्या आधी पूजा होते, दर्याला नारळ जातो, मग तांडेल सुकाणूला हात लावतो. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य, तो सांगेल तिकडे होडी जाते. स्पर्धेच्या पहिल्या दिवशी यांनी चेंडूला हळदकुंकू लावलं, पाण्याच्या कडेला उभं राहून नारळ फोडला, आणि नव्या कोचच्या कपाळाला गुलाल लावून मोठ्याने सांगितलं की हा आमच्या होडीचा यंदाचा तांडेल. टाळ्या झाल्या. मला वाटलं, चला, निदान फोटो तरी चांगला निघाला.

हा कोच पेणकडच्या शाळेत खेळ शिकवणारा होता. गडी पहिल्याच जेवणाला सुकट मागून दुसऱ्यांदा वाढून घेता झाला, तेव्हाच सासूने त्याला पास केलं. गोलकीपर त्यानेही आणला होताच. पण उपांत्य सामन्यात त्या पोराने दोन गोल असे खाल्ले की बघवेना. संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटतो, चेंडू वर गेला की कुठल्या कुठे जातो. पोरगा बिचारा आकाशात बघत गोल फिरायचा आणि चेंडू त्याच्या मागे पडायचा. कसेबसे आम्ही एका गोलाने जिंकलो. कोचने मैदानातच सांगून टाकलं की अंतिम सामन्याला गावचा गोलकीपर उभा राहील. भावोजी बाकावर बसल्या बसल्या पाणी पीत होते, त्यांना ठसका लागला.

झालं! होळीच्या सकाळी मंडळाची सगळी कार्यकारिणी आमच्या पडवीत. मी आत पुरण वाटत होते, कान बाहेर. अंतिम सामन्याला घरचा गोलकीपर म्हणजे वेडेपणा, हा कोच मंडळाला विचारत नाही, याला आजच नारळ द्या, असं सगळे बोलत होते. उद्यापुरता दुसरा कोच हवा म्हणून फोनही झाला होता. कुणाला? तर ज्याला गेल्याच्या गेल्या वर्षी शिव्या घालून गाडीत बसवला होता, त्या मूगडाळवाल्याला! माझ्या हातातलं पुरण तसंच राहिलं. भावोजी पडवीच्या खांबाला टेकून जमिनीकडे बघत उभे होते, आणि माझी जाऊ दाराआड माझ्या शेजारी येऊन माझा हात धरून उभी राहिली. दर वर्षी चेष्टा करणारी ही बाई, तिला हे इतकं हवं होतं हे मला तेव्हा कळलं.

यांनी भावाकडे पाहिलं नाही. बदलून टाकू, म्हणाले.

सासू अंगणात जवळा निवडत बसली होती. तिने सूप खाली ठेवलं आणि पडवीच्या पायरीशी आली.

"नारळ कुनी फोडला?" तिने विचारलं.

"मी," हे म्हणाले.

"कशाला फोडला?"

"होडी लोटताना फोडतात, तसा."

"मग होडी आता कुठं हाय?"

यांनी मान खाजवली.

"पाण्यात हाय," सासूच म्हणाली. "पाण्यातल्या होडीचा तांडेल कदी बदललायस? किनाऱ्याला लागू दे, मंग खुशाल बदल."

एकदा होडी पाण्यात गेली की ती परत किनाऱ्याला लागेपर्यंत तांडेल बदलत नाहीत. मासळी मिळो न मिळो, भांडण होवो, वादळ येवो, तो म्हणेल ते. पडवीत बसलेल्या प्रत्येकाच्या बापाने हे पाळलेलं. एकटा किराणावाला, जो कधी समुद्रावर गेलेला नाही, तो म्हणाला की अहो, हा शेवटी खेळ आहे. बाकीच्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मुकाट्याने चहा संपवला. मूगडाळवाल्याला फोन करून येऊ नका सांगण्यात आलं. आणि मी आत पुरणाचा गोळा तोंडात कोंबून हसू दाबत होते. स्वतःच्या नारळाने स्वतःच बांधला गेलेला अध्यक्ष मी पहिल्यांदाच बघत होते, आणि तो माझा नवरा होता.

धुळवडीच्या संध्याकाळी अंतिम सामना. पुनवेची ओहोटी, पाणी लांब गेलेलं, सगळा किनारा माणसांनी भरलेला. अर्ध्या खेळाडूंच्या कानामागे रंग. जाऊ आणि मी बर्फाच्या रिकाम्या पेटीवर बसलो होतो. भावोजी खांबांच्या मध्ये जाऊन उभे राहिले तेव्हा तिने पदर तोंडात धरला.

सामना सुरू होतो न होतो तोच खाडीपलीकडच्यांनी चेंडू मारला, साधा, हळू, पोरानेही अडवावा असा. तो भावोजींच्या दोन पायांमधून आत गेला. मागून कुणीतरी, अगदी ठरल्यासारखं, म्हणालं, "घरचा म्हणून घेतला." मी यांच्याकडे पाहिलं. यांनी ऐकलं होतं. सहा वर्षं ज्याची भीती धरली ते वाक्य कानावर पडलं, आणि काहीही झालं नाही. हे उभे होते तिथेच उभे राहिले. मग खाकरून, सगळा किनारा ऐकेल अशा आवाजात ओरडले, "व्हय, घरचाच हाय! बघ आता कसा खेळतो!"

मग मात्र भावोजी सुटले. एक छातीने अडवला, एक नाकाने. आमच्या पोरांनी बरोबरी केली तेव्हा सासूने शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारली. शेवटी शेवटी त्यांच्या उंच गड्याने लांबून असा फटका मारला की चेंडू खांबाच्या आतल्या कोपऱ्यात जाणार हे बर्फाच्या पेटीवरूनही दिसत होतं. भावोजी आडवे उडाले. बोटांनी चेंडू बाहेर ढकलला आणि स्वतः ओहोटीने मागे ठेवलेल्या डबक्यात धपकन पडले. उठले तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत नुसता ओला चिखल. माझी सोज्वळ जाऊ पेटीवर उभी राहून दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारत होती. ती शिट्टी तिला येते हे मला तोवर माहीत नव्हतं.

हरलो आम्ही, नेहमीप्रमाणे. गर्दीत कुणाच्या तरी गुडघ्याला लागून एक चेंडू आत गेला, कुणाचा दोष नाही. पण गंमत म्हणजे कुणी घरी जाईना. ताशे वाजत राहिले, गुलाल उडत राहिला, खाडीपलीकडचेही येऊन भावोजींच्या चिखलाने भरलेल्या पाठीवर थापा मारून गेले. मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा यांच्याकडे वळल्या, कारण होडी आता किनाऱ्याला लागली होती. आता तांडेल बदलायला मोकळीक होती. कोचही ते समजून पिशवी आवरत होता.

हे सासूकडे गेले आणि म्हणाले, "आये, नारळ हाय?"

तिच्या पिशवीत होता. जिंकल्यावर दर्याला द्यायला आणलेला. यांनी तो काखेत मारला, एका हाताने कोचचं मनगट आणि दुसऱ्या हाताने भावाचं धरलं, दोघांना ओढत पार पाण्यापर्यंत नेलं आणि पुढच्या वर्षाचा नारळ तिथल्या तिथे फोडला. किराणावाला म्हणाला, अहो, अजून वर्ष आहे. हे म्हणाले, होडी पाण्यात गेली, आता पुढच्या शिमग्यापर्यंत कुणी काही बोलायचं नाही.

रात्री कोचने तीनदा सुकट घेतली. सकाळी मी मागल्या दारी गेले तर जर्सी दोरीवर होती, चिखल वाळून पापडासारखी कडक झालेली, एका बाहीला शिंपल्याचा तुकडा चिकटलेला. जाऊ शेजारीच भांडी घासत होती. इतक्या वर्षांची संधी मी कशी सोडीन? जर्सी हातात घेऊन विचारलं, "काय गं, ही धुऊ का नुसती झटकू?"

ती धावत आली आणि माझ्या हातातून जर्सी काढून घेतली.

"हात नका लावू वहिनी," म्हणाली. "परवा आई येतेय. तिला दाखवायची हाय."