टॉवेलाखाली ठरलेला भाव

पत्रकात आभाराला जागा नसते. अर्ध्या पानात मागणी बसवायची, जाब विचारायचा, खाली सभेची वेळ टाकायची. रिचार्जच्या दरांवर मी अशी बरीच पत्रकं लिहिली, धाराशिवच्या स्टँडवर उभी राहून वाटली. पण ज्या दोन माणसांमुळं ती लिहिण्याइतकी मी शिकले, त्यांच्यासाठी त्यात एक ओळही निघाली नाही. ती इथं काढते.

माझी बारावी झाली तेव्हा आम्ही भूमजवळच्या माळावर राहत होतो. आबांची मेंढरं होती, अजूनही आहेत. मला धाराशिवला कॉलेजात जायचं होतं, वसतिगृहात जागाही मिळाली होती. माय तयार होती. आबांनी एकच अट घातली.

"रोज सांजच्याला तोंड दिसलं पायजे."

"फोन करीन की, आबा."

"आवाजात काय कळतंय? मेंढरू दुखण्याला आलं तर म्या त्येचं वरडणं ऐकत बसतो का? तोंड बगतो."

धाराशिवला न्यायला मला मावशीनं तिचा जुना मोबाईल दिला होता, पण आबांकडं बटणांचा फोन होता. तोंड दाखवणारा फोन माळावर आला तर कॉलेज, नाही आला तर मेंढरं. एवढा सरळ निकाल होता.

त्या दिवसांत भूमच्या आठवडी बाजारात दोन मोबाईल कंपन्यांच्या छत्र्या लागायच्या. एक एसटी स्टँडाकडं, दुसरी मेंढी बाजाराच्या तोंडाशी. एकीनं भोंग्यावर भाव पुकारला की दुसरी त्याच्या खालचा पुकारायची. सिम फुकट, वर टोपी. अर्ध्या बाजाराच्या डोक्यावर कंपन्यांच्या टोप्या दिसायच्या. लोक हसायचे, मलाही मौज वाटायची. कंपन्या आपसात भांडतात तेव्हाच गरिबाला भाव मिळतो, हे मी तिथं पाहिलं.

आबा आधी स्टँडाकडच्या छत्रीत शिरले. तिथला फोन जवळजवळ निम्म्या किमतीत होता. आबांनी तो तळहातावर तोलला, मागून पुढून बघितला. त्यांचा जीव त्यात अडकलेला मला दिसत होता. मी खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि विकणाऱ्याला विचारलं, "यात दुसऱ्या कंपनीचं सिम चालतं का?"

"न्हाय ताई. आमचंच टाकायचं."

"तुमची रेंज आमच्या माळावर येत नाही."

"येईल की. टॉवर व्हणार हाय."

"कधी?"

त्यानं वर आभाळाकडं बघितलं, जणू टॉवर तिथून उतरणार होता. माझं डोकं फिरलं. भाव भोंग्यावर आणि अट मुंगीच्या अक्षरात, हा कुठला धंदा, असं मी तिथंच मोठ्यानं बोलले. आबांनी फोन हळूच खाली ठेवला.

"म्हंजी शेळी सस्तात द्यायची, अन पाला जल्मभर तुमच्याच बांधावरचा. चल गं."

बाजाराच्या तोंडाशी असलेल्या कंपनीची रेंज आमच्या माळावर येत होती. तिचा फोन चांगला होता, कुठलंही सिम घेणारा, पण महाग. छत्रीखाली शहरी वळणाचा एक पोरगेला विक्रेता बसला होता. आबांनी किंमत ऐकली. खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याच्या हातावर टाकला आणि टॉवेलाखाली त्याची बोटं धरली.

आमच्याकडं मेंढरांचा भाव तोंडानं बोलत नाहीत. टॉवेलाखाली बोटं दाबून ठरवतात, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. मान हलली की सौदा झाला. तो मोडणाऱ्याशी पुन्हा कुणी व्यवहार करत नाही. हे त्या बिचाऱ्याला काय माहीत? तो हात ओढत होता.

"मामा, हात कशाला धरलाय?"

"बोल की. व्हय का न्हाय?"

"हो हो, पण सोडा आधी," म्हणत त्यानं मान हलवली. आबांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. "झालं. दे फोन."

"काय झालं?"

"भाव झाला."

"अहो मामा, किंमत खोक्यावर छापलीय. माझ्या हातात काही नाही."

"तुझ्या हातातच तर दिला म्या भाव."

एव्हाना मेंढी बाजारातले चार-सहा जण जमले होते. एक म्हातारा म्हणाला, "मान हलवली पोरानं. आमी बगितली." दुसरा म्हणाला, "त्येला गुदगुल्या झाल्या असतील." सगळे हसले. आबा हसले नाहीत. सौदा मोडणाऱ्याकडून त्यांनी आयुष्यात काही घेतलं नव्हतं आणि आता ते पाठ फिरवणार, हे मला कळलं. स्टँडाकडच्या छत्रीचा फोन माळावर मुकाच राहिला असता. ही गेली की माझं कॉलेज गेलं.

आबांची वळलेली पाठ बघून विक्रेत्यानं मला विचारलं, "ताई, मामा रागावले का?"

मी त्याला टॉवेलाचा अर्थ सांगितला. फोन कशासाठी हवा तेही सांगितलं. मग तो म्हणाला, "जुना फोन दिला तर सूट आहे. स्टँडवाल्यांनी भाव पाडल्यापासून वरूनच आली आहे."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"न विचारता सांगायचं नाही, असं सांगितलंय आम्हाला."

याच्यावर मी नंतर आख्खं पत्रक लिहिलं. पण त्या क्षणी तो जे करू नये असं त्याला शिकवलं होतं तेच करत होता, आमच्यासाठी. मग उठून तो आबांपुढं गेला आणि स्वतःचा हात पुढं केला.

"मामा, मला बोटं येत नाहीत. शिकवा. पुन्हा बसू."

आबांनी त्याच्याकडं बघितलं. मग टॉवेल टाकला. या खेपेला त्याची बोटंही हलत होती. आबांनी एकदा मान नकारात हलवली, त्यानं एकदा. शेवटी दोघांच्या माना एकदम हलल्या. आबांनी बटणांचा फोन काढून दिला, कनवटीचे पैसे त्याच्या हातात टॉवेलाखालीच ठेवले.

किती ठरलं, आबांनी मला आजवर सांगितलेलं नाही. सूट कुठं संपली, आबा कुठवर चढले, पोरानं स्वतःच्या कमिशनातून काही सोडलं का, ठाऊक नाही. कंपन्यांना मी रोज म्हणते, भाव उघड सांगा. या एका भावाबद्दल मी कुणाला जाब विचारत नाही.

आता छत्र्या लागत नाहीत. भांडणाऱ्या कंपन्या दमल्या, सगळ्यांचे दर एका सुरात चढले. त्यांचे आभार मी मानत नाही. त्या भांडत होत्या तेवढ्या वेळात दोन माणसांनी हात पुढं केला, त्यांचे मानते. तो विक्रेता पुढं कुठं गेला कळलं नाही.

वसतिगृहातल्या पहिल्या संध्याकाळी फोन वाजला. आधी नुसता कान दिसला, मग आभाळ, मग एका मेंढीचं नाक. मागून माय ओरडत होती, "फिरवा की, तिकडं न्हाय." मग आबा आले. डोळे बारीक करून माझं तोंड बघत राहिले, डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत.

"जेवलीस?"

"हो."

"बरं हायेस. ठेव आता, डाटा जातुया."