गाण्यातला तो गाडीवान

आमच्या नवापूरकडे हळदीच्या मांडवात एक गाणं हमखास होतं. एक मुलगी रोज घागर भरून विहिरीवर उभी राहते. गाडीवान येतो, पाणी पितो, बैलांना पाजतो आणि चालता होतो. बस्स, एवढंच. कडव्यात गाडीवानाचं गाव म्हणून नवरदेवाचं गाव गुंफायची रीत आहे, पण माझी फुई, म्हणजे वडलांची बहीण, कोणाचंही लग्न असो, चिंचपाडाच घालते. वऱ्हाडी रुसतात. फुई ढिम्म.

गेल्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी त्या गाण्याचा अर्थ लिहायला बसले. मी मराठीची बाई, अर्थ सांगायची खोडच! लिहिलं, 'गाडीवान हे निर्दयी पुरुषाचं प्रतीक.' फुईला वाचून दाखवलं. तिने हसू आवरायला पदर तोंडात कोंबला.

"त्याले काय माहीत, येडी? तिनी सांगं कोठे?"

"सांगायला कशाला हवं? दगड आहे का तो?" मी भडकलेच.

फुईने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुन्हा गाडीवान कोन शे?"

आता काय कपाळ सांगणार! आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर. दोन वर्षं मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातली लसणाची चटणी खायचे, 'एक नंबर, मॅडम' म्हणायचे आणि तासाला निघून जायचे. आणि रविवारी मला बघायला धुळ्याची मंडळी यायची होती.

मग फुईने स्वतःचं सांगितलं. चिंचपाड्याचा एक ढोलवाला होता. लग्नाआधी चार वर्षं ही त्याच्यासमोर त्याचंच गाव घालून गायली. "अन् तो म्हने, जरा हळू म्हन, मन्हा हात दुखतस!" आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो. मग म्हणाली, "तू सांगी टाक. नही म्हनी, दुसरं काय व्हई?"

शनिवारी सांगून टाकलं. सर कावरेबावरे झाले. "मॅडम, तुम्ही खूप चांगल्या आहात. पण माझ्या मनात तसं कधी आलंच नाही."

घरी येऊन मी फुईच्या मांडीत डोकं खुपसलं आणि धाय मोकलून रडले. "तुझ्यामुळे तोंडघशी पडले," म्हणून तिलाच झापलं. तिने धुळ्याच्या मंडळींना पुढच्या महिन्यात या म्हणून कळवलं आणि माझ्या केसांना तेल लावत बसली.

"रडी ले," ती म्हणाली. "माले तर रडाले बी जमनं नही. तो कधी नही म्हननाच नही ना. आजबी वाटस, इचारं असतं ते हो म्हनना असता."