लिंदोरची बादली आणि दहा पायांचा बाप

लिंदोर कार्कामो समुद्राला कधी घाबरला नाही. घाबरायचा तो एर्सिराला. चाळिशीला टेकलेला, रबरी होडी एकट्याने किनाऱ्यावर ओढून काढणारा हा चिली देशातल्या चिलोए बेटावरचा गडी, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या बाईने नुसतं "काय रे, हवंय काय?" विचारलं की याच्या तोंडाला कुलूप! मीठ मागायला जायचा आणि साखर घेऊन यायचा. त्या साखरेचं काय करायचा देव जाणे.

अंटार्क्टिकावरच्या त्या तळावर एर्सिरा ओयार्सो स्वयंपाकीण होती आणि लिंदोर होडीवाला. दोघं एकाच बेटावरची, शेजारच्या गावची. डॉक्टर अंपारोबाई, म्हणजे औषधाच्या नव्हेत, प्राण्यांच्या डॉक्टर, समुद्रकोळ्यांचा, समुद्रातल्या कोळीकिड्यांसारख्या प्राण्यांचा, अभ्यास करायच्या. लिंदोर त्यांना होडीतून न्यायचा, त्या बर्फाळ पाण्यात बुडी मारायचा आणि तळाशी काठ्यांसारखे पाय टाकत चालणारे ते प्राणी अलगद उचलून आणायचा. आणि जेवणाच्या टेबलावर, एरवी मुका असणारा हा बाबा, समुद्रकोळ्यांचा विषय निघाला की असा काही सुटायचा की रस्सा निवून जायचा!

"अहो, याला धड म्हणून नाहीच," तो हात नाचवत सांगायचा. "मावेल कुठे सगळं? म्हणून पोट पायांत शिरलंय. आतडी पायांत, मादीची अंडीसुद्धा पायांत पिकतात. फुप्फुसं नाहीत, कल्ले नाहीत, कातडीतूनच श्वास."

"पोट पायांत?" तळप्रमुख म्हणाले. "मग इथे यायच्या आधी याचं अपेंडिक्स कुठून कापायचं?" तळावर राहायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी ते कापून घ्यावं लागायचं, त्यामुळे टेबलाभोवतीच्या सगळ्यांच्या पोटावर टाक्यांचे व्रण होते. हसताना ते ओढले जायचे.

"पण मग हा कोळीच ना शेवटी?" एर्सिराने विचारलं.

अंपारोबाईंनी कपाळाला हात लावला. "तेच तर भांडण आहे गं. काही जण म्हणतात, कोळी-विंचवांचा लांबचा भाऊ. काही म्हणतात, छे, हा त्या सगळ्यांच्या आधीच घर सोडून निघालेला. बरं, पाय मोजून निकाल लावावा, तर बहुतेकांना आठ. पण इथल्या पाण्यात दहा पायांचेही सापडतात, क्वचित बाराचेही. कुठल्या खणात ठेवायचा याला?"

"आणि खरी गंमत पुढेच," लिंदोर म्हणाला. "यांच्यात बहुतेक जातींत अंडी वागवतो बाप! मादी अंडी देऊन मोकळी. हा बिचारा ती पोटाखालच्या छोट्या पायांना गुंडाळून हिंडतो, पिल्लं बाहेर पडेपर्यंत."

एर्सिराने पळी खाली ठेवली. "ऐका! आणि आमच्याकडचे? मी आईच्या मागे माझी भावंडं वाढवली. एक कडेवर, एक पाठीवर, एक पदराला लोंबकळतंय. तेव्हाच देवाला सांगून टाकलं, आता मी कुणाचं काही अंगावर बांधून हिंडणार नाही. म्हणून लग्नच नको!"

सगळे हसले. लिंदोरने मात्र घास ताटात ठेवून दिला. कारण त्याच्या पोटात उन्हाळाभर एकच गोष्ट शिजत होती, आणि ती होती एर्सिराला मागणी घालायची.

आता मागणी घालायची लिंदोरच्या गावची रीत अशी, की पुरुषाने तोंडाने काही बोलायचं नाही. (बरंच झालं म्हणा!) बादलीभर समुद्राचं खाणं बाईच्या स्वयंपाकघराच्या दारात ठेवायचं आणि निघून जायचं. तिने त्याचं भांडं चुलीवर चढवलं तर होकार. बादली धुऊन परत आली तर नकार. आणि ठेवलेली बादली पुरुषाने माघारी मागितली, तर दोन्ही गावांत पिढ्यान्‌पिढ्या तोंड दाखवायला जागा नाही.

इथे अंटार्क्टिकाच्या पाण्यातलं काही खायला काढायला बंदी. म्हणून लिंदोरने भावाकडून गावच्या सुक्या शिंपल्या मागवल्या, दोरीत ओवलेल्या, धुरीच्या वासाच्या. एर्सिरा परतीच्या विमानाने जाणार होती. ढग वर सरकले की विमान येणार, असं झालं होतं. लिंदोरने शिंपल्या रंगाच्या रिकाम्या पांढऱ्या बादलीत भिजत घातल्या, झाकण लावलं आणि बादली मागच्या थंड पडवीत ठेवली. त्याच पडवीत, तशाच पांढऱ्या बादलीत, अंपारोबाईंचा उन्हाळ्यातला सगळ्यात मोलाचा प्राणी होता: दहा पायांचा नर, अंगावर अंड्यांचे झुपके. बाईंच्या टाकीचा पंप बिघडला होता, म्हणून तो त्या दिवसापुरता तिथे.

सकाळी लिंदोर उठला. दाढी केली, गाल कापला. पडवीत गेला, बादली उचलली, स्वयंपाकघराच्या दारात ठेवली आणि थेट प्रयोगशाळेकडे धूम ठोकली.

जरा वेळाने अंपारोबाईंनी प्रयोगशाळेत आपल्या बादलीचं झाकण काढलं. धुरीचा वास घमघमला.

"लिंदोर," बाई हळूच म्हणाल्या, "माझा बाप कुठाय?"

लिंदोरने बादलीत पाहिलं. आत त्याच्या शिंपल्या!

"स्वयंपाकघरात," तो म्हणाला.

"स्वयंपाकघरात? आणि ती काय करतेय त्याचं?"

लिंदोर पळाला. आणि पळता पळता त्या बिचाऱ्याची काय गत झाली असेल बघा! भांडं चुलीवर असेल, तर एर्सिरा त्याची. पण मग तो दहा पायांचा बाप पोराबाळांसकट उकळला. भांडं चुलीवर नसेल, तर बाप वाचला; पण लिंदोर मेला. देवाकडे मागायचं तरी काय? त्याने दोन्ही मागितलं आणि दार ढकललं.

चुलीवर भांडं होतं. झाकण थडथडत होतं.

"एर्सिरा! उतरव ते! नको उतरवू! म्हणजे, आत काय आहे?"

"बटाटे," एर्सिरा म्हणाली. "काय झालंय तुला? आणि गाल कुणी ओरबाडला?"

समुद्रकोळी खिडकीच्या थंड कट्ट्यावर होता. तिने त्याला त्याच्याच पाण्यासकट काचेच्या मोठ्या कटोऱ्यात ठेवला होता, भोवती बर्फ रचून. दहा पाय, आणि पोटाखाली पिवळसर झुपके. अंडी सांभाळत तो सावकाश एकेक पाय उचलत होता.

"शिजवणार होते काय याला?" ती म्हणाली. तिचा आवाज जरा निराळाच होता. "झाकण काढलं आणि याला बघून खालीच बसले. म्हटलं, उन्हाळाभर साखर नेणाऱ्या या येड्याने ऐकलं म्हणायचं माझं. उत्तर पाठवलं. मी बाई काही वागवणार नाही म्हटलं, तर याने वागवणाराच पाठवला!"

लिंदोरला वाटलं, गप्प बसावं. गप्प बसायचं तर त्याला जन्मापासून जमत होतं. एवढं सोन्यासारखं उत्तर आपलं म्हणून मिरवावं, कुणाचं काय जातंय? पण तिचे डोळे भरलेले पाहिले आणि त्याला खोटं बोलवेना.

"बादली चुकली," तो म्हणाला. "माझी शिंपल्यांची होती. हा अंपारोबाईंचा."

एर्सिराने पदर झटकावा तसा एप्रन झटकला. "म्हणजे तुझ्या मनात असलं काही नव्हतंच?"

"अगं, तसं कुठे म्हटलं मी—"

आणि त्याच क्षणी, मेल्याला तोच मुहूर्त सापडला, विमान घरघरत आलं. पळापळ सुरू झाली. अंपारोबाई धापा टाकत आत आल्या, आपला बाप सुखरूप पाहून त्यांनी कटोऱ्याचाच मुका घेतला आणि हातातली शिंपल्यांची बादली एर्सिराच्या हातात कोंबली. "ही याची. सांभाळा तुमचं तुम्ही."

एर्सिरा बादली घेऊन विमानात चढली. भांडं चढलं नाही, बादली धुतली गेली नाही; लिंदोर धावपट्टीवर मधल्यामधे लोंबकळत उभा.

त्यानंतरचे दिवस त्याने कसे काढले विचारू नका. पोस्टाने पांढरी, स्वच्छ बादली येईल या धास्तीने तो प्रत्येक विमानाला पाठ फिरवून उभा राहायचा. तळप्रमुख म्हणायचे, "गड्या, तुझंही काळीज पायांत उतरलंय."

मग एका दुपारी, सगळे जेवायला बसलेले असताना, रेडिओवर चिलोएहून बोलावणं आलं. रेडिओ जेवणघरातच, सगळ्यांचे कान टवकारलेले.

"लिंदोर," एर्सिराचा आवाज खरखरत आला, "भांडं माझ्यासमोर आहे. चूल पेटलीय. भावंडं, आत्या, सगळं गाव दारात उभं आहे. चढवू का नको, ते एका गोष्टीवर आहे. तेव्हा तुझी बादली चुकली होती. आता न चुकता सांग. पोरं झाली, तर अंगावर कोण वागवणार?"

जन्मभर कुलूप लागलेल्या त्या तोंडाने लिंदोर असा काही ओरडला की रेडिओची गरजच नव्हती.

"मी!"

पलीकडे भांडं आदळल्याचा आवाज आला. मग एर्सिराचा: "ये मग लवकर. दोघांना पुरतील एवढ्याच शिंपल्या आहेत, आणि आत्या भुकेली आहे."

आजही त्यांच्या गावच्या धक्क्यावर लिंदोर जाळी सोडवतो ती एक पोरगी छातीशी आणि एक पाठीशी बांधून. एर्सिरा मोकळ्या हातांनी समोर बसते, बोंबलून सांगते, "नीट धर रे, धाकटीचा पाय लोंबतोय!" आणि तो, पोरीचा पाय वर घेऊन, खुशाल शीळ घालत राहतो.