अकराशे दिवस न थांबलेला संगणक

नारीन शहराच्या रुग्णवाहिका केंद्रात मी फोन उचलते आणि बुरुलचा नावाची एजे आमचे संगणक सांभाळते. एजे म्हणजे ताई, पण हिच्याशी लाडात बोलायची कुणाची टाप नाही. वायरीला नुसतं बोट लावलं तरी हातावर फटका बसतो.

तिला गर्व एकाच गोष्टीचा. मुख्य संगणक अकराशे दिवसांत एकदाही बंद झाला नव्हता. हजाराव्या दिवशी तिने घरून बोरसोक, म्हणजे कणकेचे गोळे, तळून आणले आणि आम्ही ताटभर फस्त केले. या संगणकवाल्यांना लेकरांच्या वाढदिवसापेक्षा असले आकडे प्यारे असतात.

मंगळवारी सकाळी तो संगणक कोसळला. माझ्या पडद्यावर धाप लागलेल्या एका म्हाताऱ्याचा पत्ता होता, तो तसाच गोठला. पत्ता डोक्यात राहिला म्हणून गाडी पोचली.

कारण लगेच कळलं. भांडारातल्या असनालींनी औषधांच्या याद्या जुळवायला स्वतः लिहिलेला छोटासा प्रोग्राम चालवला आणि त्याच क्षणी सगळं ठप्प झालं. केंद्रप्रमुख तेमिरबेक साहेब त्यांच्यावर भडकले. वडीलधाऱ्याला आमच्याकडे आकसाकाल म्हणतात, तेवढा मान त्यांनी राखला.

"आकसाकाल, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, गप्प बसवत नाही का? उद्यापासून येऊ नका!"

"मी फक्त याद्या जुळवत होतो हो," असनाली पुटपुटले.

एजेने संगणक पुन्हा सुरू केला आणि दुपारपर्यंत पडद्यासमोरून हलली नाही. मग तडक साहेबांच्या खोलीत गेली. मीही मागोमाग शिरले. असला तमाशा कोण सोडतं?

"आकसाकालना काढू नका. चूक त्यांची नाही."

"मग काय भुताची?"

"सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नेलमध्ये, एक खोट होती. कुठलाही साधा कर्मचारी, कसलाही खास अधिकार नसताना, नकळत अख्खा संगणक आडवा करू शकत होता. चोरी नाही, नासधूस नाही, फक्त सगळ्यांचं काम बंद."

"मग दुरुस्त करायचीस ना!"

"दुरुस्ती आठ महिन्यांपूर्वीच आली. मी ती टाकलीसुद्धा. पण संगणक बंद करून चालू केल्याशिवाय ती लागू होत नाही. आज पडला, तेव्हा झाली."

"आठ महिने बंद का नाही केलास?"

"आकडा मोडला असता."

साहेबांनी दार लोटलं. "हे बाहेर बोलू नकोस. वर कळलं तर बढती विसर. अहवालात वीज गेली होती असं लिही."

"वीज गेली नव्हती. मी माजले होते."

तिने जे खरं होतं तेच लिहिलं, खाली सही केली आणि सगळ्या जिल्ह्यांच्या केंद्रांना पाठवलं. मला तर तिचे पाय धरावेसे वाटले. दुसऱ्या दिवशी चार केंद्रांची उत्तरं आली. कुणी हसलं नव्हतं. त्यांनीही दुरुस्ती टाकून संगणक तसाच चालू ठेवला होता, आणि आता ते तो बंद करणार होते.

एजेची बढती गेलीच, आकसाकालांची नोकरी मात्र वाचली. असनाली भांडारातून वर आले, तिच्या टेबलाजवळ घुटमळले.

"पोरी, माझी दोनच वर्षं उरली होती. जाऊ द्यायचं होतंस मला."

"आणि मग मी रोज तोंड कुणाला दाखवलं असतं, आकसाकाल?"