सापडला नाही

परवा वडिलांची पत्र्याची ट्रंक उघडली आणि जुन्या शाईचा वास आला. कॉलेजात मी भोकं पाडलेल्या कार्डांवर पहिलाच प्रोग्रॅम लिहिला होता, मजकुरातून एक शब्द शोधणारा. कार्डं पुण्याच्या कॉम्प्युटरकडे पाठवली, तर तिकडून कागदांचा गठ्ठा आला, ओळीओळीला इंग्रजीत ‘सापडला नाही’. इंग्रजी न येणाऱ्या वडिलांनी तो आमच्या गावातल्या भवानी पेठेत गल्लीभर मिरवला, ‘माज्या पोराचं काम हाय, बगा की!’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती ओळ छापणारं कार्डच चुकीच्या जागी लागलं होतं. ते हलवून पुन्हा पाठवलं, तेव्हा एकच ओळ आली, ‘सापडला’. वडील म्हणाले, ‘एवढंच? पयलं लई भारी हुतं की.’ मी ‘व्हय’ म्हणालो. ट्रंकेत चादरीच्या तुकड्यात जपून बांधलेला तोच गठ्ठा निघाला. खोलीत कुणी नव्हतं, तरी मला मान वर करवेना.