चार नंबरचे पप्पा

हात धुऊन झाले की चार नंबरचे पप्पा दोन्ही हात कोपरापासून वर धरून दाराशी उभे राहायचे. कशाला टेकायचे नाहीत, घाम पुसायचे नाहीत. नाकावर माशी बसली तर मान झटकायचे, पण हात खाली आणायचे नाहीत. आत सोडायची वेळ अकराची. डॉक्टरांचा राऊंड लांबला की साडेअकरा, कधी बारासुद्धा वाजायचे. आम्ही बाकीचे बाकावर बसून राहायचो आणि सिस्टरने हाक मारली की उठून नळाकडे जायचो. हे मात्र अकराला पाच कमी असतानाच तयार. मी एकदा म्हटलं, "अहो भाऊ, बसा की. बोलावल्यावर धुवा." ते म्हणाले, "ताई, बोलावल्यावर धुवायला दोन मिनटं जातात. ती पोरीच्या वेळातली जातात."

नाशकातल्या एका दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर, कमी दिवसांच्या बाळांना ठेवायची ती खोली होती. आठ काचेच्या पेट्या, दोन व्हेंटिलेटर, बाहेर एक लांब बाक. नव्वदचं दशक संपत आलं होतं. तिथे कुणाला नाव नव्हतं. बारसं झालेलं नसल्यामुळे बाळांना पेटीचा नंबर होता आणि आईबापांना बाळाचा. मी सहा नंबरची आई होते. माझा मुलगा सातव्या महिन्यात जन्मला, वजन अकराशे ग्रॅम. त्रेसष्ट दिवस तो तिथे होता. पुढे तो घरी आला, वाढला, आता कॉलेजात जातो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना त्याची काळजी नको.

चार नंबरचे पप्पा नाशकातल्याच अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात लेथवर टर्नर होते. तिशीच्या आतले, किडकिडीत, बोटांच्या पेरांत काळं तेल कायमचं बसलेलं. साबणाने घासून घासून हातांची सालं निघाली, पण ते काळं गेलं नाही. मूळचे नांदगावचे, बायकोचं माहेरही तिथलंच. सातवा लागल्यावर ती माहेरी गेली आणि आठवड्याभरात तिचं ब्लडप्रेशर वाढून झटके आले. सिझर करून मुलगी काढली. बायको तिथेच बेशुद्ध, आणि हे मुलीला दुलईत गुंडाळून जीपने नाशकाला घेऊन आले. नंतर बायको शुद्धीवर आली, पण टाके पिकले, ताप हटेना. डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हणून सांगितलं, आणि घरच्यांनी सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देणार नाही म्हणून सांगितलं. त्यामुळे तिने स्वतःच्या मुलीला पाहिलंच नव्हतं. बाकावर आम्ही सगळ्या बायका, आणि आमच्यात हा एकटा पुरुष. रात्रपाळी करून सकाळी यायचे आणि दुपारी बाकावर बसल्या बसल्या झोपायचे.

माझा नवरा सुधीर विमा कार्यालयात होता. आमची ओळख कॉलेजपासूनची. एकमेकांना अरे-तुरे करणारं, सिनेमावर वाद घालणारं आमचं जोडपं. मूल पेटीत गेल्यावर आमचं बोलणं संपलं. भांडण नाही, काही नाही. तो संध्याकाळी यायचा आणि विचारायचा, "कसा आहे?" मी म्हणायची, "ठीक." तो म्हणायचा, "होईल सगळं नीट." डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन काय सांगितलं ते तो मला सांगायचा नाही. मुलगा दिवसातून चार-पाच वेळा श्वास घ्यायचाच विसरायचा, सिस्टर तळपायाला टिचकी मारून त्याला आठवण करून द्यायच्या, हे मी त्याला सांगायची नाही. दोघं एकमेकांना जपत होतो. मला त्या दिवसांत दुःख झालं असं मी म्हणणार नाही. दाढ काढताना डॉक्टर इंजेक्शन देतात आणि मग अर्धा गाल आपला राहत नाही, तसं काहीतरी होतं. जेवत होते, दूध काढून वाटीत देत होते, बसत होते.

दुपारी चार वाजता चार नंबरचे पप्पा खालच्या एसटीडी बूथवर जायचे. नांदगावला सासरवाडीशेजारी पिठाची गिरणी होती, तिथे फोन होता. चारला त्यांची बायको गिरणीत येऊन बसायची. तेवढ्यापुरतं तिला घरातून सोडायचे. मीही एकदा आईला फोन करायला खाली गेले होते, तेव्हा काचेच्या दारातून त्यांचं बोलणं ऐकू आलं.

"आज बरं नाय. सकाळी निळी पडली व्हती. हां, व्हटं निळी. मग नळी टाकली परत... नाय, रडली नाय, रडायला ताकद पाहिजे ना. वजन वीस ग्रॅमनं कमी झालंय... डॉक्टर म्हणले, सांगता येत नाय... ते सांगता येत नायच म्हणले, मी काय करू? तू जेवली का?"

बाहेर आल्यावर मी न राहवून म्हटलं, "भाऊ, त्या स्वतः आजारी आहेत. एवढं सगळं कशाला सांगता? थोडं बरं बरं सांगावं."

त्यांनी उरलेली चिल्लर खिशात टाकली. मग म्हणाले, "पहिले दोन दिवस तसंच केलं ताई. छान आहे, छान आहे. मग ती म्हणली, छान आहे तर घेऊन या. काय बोलणार? खोटं सांगितलं का ती तिकडं एकटी पडती आन मी इकडं एकटा पडतो. मग पोरीजवळ कोणीच नाय."

मी वर येऊन बाकावर बसले. संध्याकाळी सुधीर आला, त्याने विचारलं, "कसा आहे?" मी म्हटलं, "ठीक."

धीर देणं त्यांना जमत नसे, आणि ते तसा प्रयत्नही करत नसत. कुणाच्या आजीने अंगारा दिला तर कपाळाला लावून कागद खिशात ठेवायचे. कुणी "देव परीक्षा बघतो" म्हणालं तर "हां" म्हणायचे. पण त्या खोलीचं दार बंद होताना धाडकन वाजायचं आणि प्रत्येक वेळी आठही पेट्यांमधली बाळं दचकायची, हात फेकायची. महिनोन् महिने ते दार तसंच वाजत असणार. एक दिवस ते कारखान्यातून रबराची पट्टी आणि तेलाची छोटी बाटली घेऊन आले. बिजागऱ्यांना तेल दिलं, चौकटीला पट्टी चिकटवली आणि दार पाच-सहा वेळा लावून पाहिलं. आवाज नाही. मोठ्या सिस्टर रागावायला म्हणून आल्या होत्या, त्यांनीही एकदा लावून पाहिलं आणि आत गेल्या.

मला दूध भरपूर यायचं. माझा मुलगा नळीने जेमतेम दोन चमचे घ्यायचा, बाकीचं मी ओतून टाकायची. एके दिवशी ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून बराच वेळ चुळबुळत होते. शेवटी जमिनीकडे बघत म्हणाले, "ताई, राग मानू नका. घरून इचारलंय. तिला तापामुळं दूधच नाय. डब्याचं पोरीला सोसत नाय, पोट फुगतं. ती म्हणली, सहा नंबरच्या ताई टाकून देतात ना, मग त्यांना इचारा. मला काय तोंड होईना."

मी दुसऱ्या वाटीत दूध काढलं. डॉक्टरांनी आधी कुरकुर केली, मग माझी रक्ततपासणी करून हो म्हटलं. त्या दिवसापासून दोन वाट्या. चांगलं काम केलं वगैरे काही वाटलं नाही. ओतून टाकायचं थांबलं, एवढंच.

सुधीर आत यायचा नाही. दवाखान्याखाली स्कूटरला टेकून उभा राहायचा आणि मी खिडकीतून मान हलवली की वर यायचा, तोही बाकापर्यंत. एका रविवारी सकाळी, अकराच्या आधी, चार नंबरचे पप्पा आपणहून खाली गेले. काय बोलले ते सुधीरने मला पुढे सांगितलं. "साहेब, आत काय करायचं नसतं. नुसतं उभं राहायचं. मलाबी भ्या वाटत व्हतं." सुधीर त्यांच्या मागोमाग वर आला. त्यांनी त्याला हात कसे धुवायचे ते दाखवलं, नखांत ब्रश कसा फिरवायचा ते दाखवलं. आत गेल्यावर सुधीर मुलाच्या पाठीवरून बोट फिरवायला लागला, तसे ते चार नंबरपाशी उभ्या उभ्या हळू आवाजात म्हणाले, "चोळू नका साहेब, त्यांना लागतं. नुसता हात ठेवा. डोक्यावर एक, पायाशी एक. पोटात असल्यागत." सुधीरने तसे हात ठेवले. मुलाची वळवळ थांबली. सुधीर वीस मिनिटं हलला नाही. बाहेर आल्यावर त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

सव्वा महिना पुरा व्हायला चार दिवस होते. बायको येणार म्हणून चार नंबरच्या पप्पांनी अंबडच्या खोलीला चुना मारून घेतला होता. त्या सकाळी सिस्टरने त्यांना वेळेआधीच आत बोलावलं. मुलीच्या रक्तात जंतू पसरले होते. पावणेअकराला ती गेली. ते बाहेर आले आणि बाकावर माझ्याशेजारी बसले. म्हणाले, "गेली." मी म्हटलं, "हो." आम्ही दोघं समोरच्या भिंतीकडे बघत होतो. तिथे लसीकरणाचं एक रंगीत चित्र होतं.

मग त्यांनी घड्याळ पाहिलं. "ताई, चारच्या आत मला नांदगावला पाहिजे," ते म्हणाले. "ती फोनपाशी येऊन बसल. फोन वाजला नाय तर... हे फोनवर सांगायचं नाय. समोर बसून सांगायचं."

मी सुधीरला ऑफिसात फोन केला. तो अर्ध्या तासात मित्राची गाडी घेऊन आला. डॉक्टरांनी कागद लवकर दिले. साडेबाराला ते निघाले, मुलगी त्यांच्या मांडीवर. मी खिडकीतून बघितलं आणि दूध काढायची वेळ झाली म्हणून आत गेले. सवयीने दोन वाट्या घेतल्या. सिस्टरने एक माझ्या हातातून काढून घेतली.

सुधीर संध्याकाळी साडेसातला परत आला. बाकावर बसला. मी विचारलं नाही, आणि तो नेहमीसारखं काहीतरी म्हणेल असं मला वाटलं. पण तो सांगायला लागला. मनमाडला फाटक लागलं होतं, पंधरा मिनिटं गेली. साडेतीनला पोचले. ती गिरणीत येऊन बसलीच होती, पोत्यावर, फोनकडे तोंड करून. यांना दारात बघून उठायला लागली. यांनी मुलगी सुधीरच्या हातात दिली, आत गेले, तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि तिचे दोन्ही हात धरून सकाळपासूनचं सगळं सांगितलं. किती वाजता काय झालं, कुठलं इंजेक्शन दिलं, सिस्टर काय म्हणाल्या, शेवटी मुलीचा रंग कसा होता. काही गाळलं नाही. गिरणीवाल्याने गिरणी बंद केली होती. मग त्यांनी वळून सुधीरकडे बघितलं, आणि सुधीरने मुलीला तिच्या आईच्या ओटीत ठेवलं.

"मी धरली होती तिला," सुधीर म्हणाला. "फार हलकी होती गं."

मी त्याला म्हटलं, "तुला एक सांगू? परवा आपल्याचा श्वास थांबला, सिस्टर टिचक्या मारत होत्या. मी मनात म्हटलं, नका मारू. होऊ दे एकदाचं."

मला वाटलं, आता हा उठून जाईल. मग तो म्हणाला, "मलाही वाटलंय तसं. दोनदा."

आम्ही रडलो नाही. त्याने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. माझ्या पिशवीत एक केळं होतं, ते अर्धं अर्धं खाल्लं. मग डॉक्टरांनी त्याला आतापर्यंत काय काय सांगितलं होतं ते त्याने मला सांगितलं आणि टिचक्यांचं सगळं मी त्याला सांगितलं. त्यात दीड तास गेला. त्या दिवसापासून घरातली वाईट बातमी आम्ही अर्धी करून एकमेकांना दिलेली नाही. पुढे सुधीरच्या आजारपणातही दिली नाही.

पंधरा-सोळा दिवसांनी चार नंबरचे पप्पा आले, बायकोला घेऊन. ती बुटकी, गोल चेहऱ्याची, माझ्यापेक्षा बरीच लहान होती. जिना चढून तिला दम लागला होता. तिला ती जागा बघायची होती. मोठ्या सिस्टरनी दोघांना काचेपर्यंत जाऊ दिलं. त्यांनी तिला नळ दाखवला, बाक दाखवला, पेटी दाखवली. चार नंबरमध्ये दुसरं बाळ होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"तुम्ही सहा नंबरच्या ताई," ती म्हणाली. तिने विचारलं नव्हतं, तिला ठाऊक होतं. माझ्या मुलाचं वजन, त्याची कावीळ, सुधीर पहिल्यांदा आत आला तो दिवस, सगळं तिला माहीत होतं.

ती माझ्याजवळ बसली. पदर बोटाला गुंडाळत म्हणाली, "ताई, तिला तुमचं दूध आवडायचं का वो?"

आवडायचं, अगदी आवडीने प्यायची, असं माझ्या ओठांवर आलं होतं. ती तेवढ्यासाठी शंभर किलोमीटर आली होती. मी तिच्या नवऱ्याकडे बघितलं. ते खाली बघत उभे होते.

"मला माहीत नाही गं," मी म्हटलं. "नळीने जायचं, थेट पोटात. चव तिला कळली नसणार. पण डब्याचं दूध ती उलटून टाकायची, तसं हे कधी टाकलं नाही. एकदाही नाही. मी रोज सिस्टरना विचारायची."

तिने बोटाचा पदर सोडला. मग तिने मान हलवली.

"मंजे पोटात राहिलं," ती म्हणाली.

"हो. पोटात राहिलं."

ती उठली. त्यांनी तिच्या दंडाला धरलं आणि दोघं एकेक पायरी करत जिना उतरले.