डोलकाठीवरचा तांब्याचा पैसा

आमच्या वडिलांच्या होडीच्या डोलकाठीवर, छातीच्या उंचीला, तांब्याचा जुना पैसा ठोकलेला असायचा. घरची रीतच होती. नवी डोलकाठी उभी राहिली की जुन्या काठीवरचा पैसा काढून तिच्यावर ठोकायचा. लाकडाला त्याने काही होत नसे.

धाकट्या बहिणीच्या छोट्या शिडाच्या होडीसाठी मी अ‍ॅल्युमिनियमची डोलकाठी केली, तेव्हा तोच पैसा दोन रिवेट मारून डेकच्या जरा वर बसवला. मी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत शेडचे सांगाडे डिझाइन करतो. तांबं आणि खारं पाणी मिळून अ‍ॅल्युमिनियम खातात, हे मी गिऱ्हाइकांना बजावून सांगतो. तारांचा आधार नसलेल्या डोलकाठीवर सगळ्यात जास्त ताण डेकपाशी येतो, तिथे भोक पाडायचं नसतं, हेही मला माहीत होतं. पण त्या दिवशी डोक्यात फक्त वडील होते.

मनोरीच्या खाडीत ती काठी पैशापाशीच मोडली. तिचा तडाखा बसून बहिणीचं खांद्याजवळचं हाड मोडलं. ती मुलुंडला शाळेत शिकवते. बरेच दिवस तिला फळ्यावर लिहिता आलं नाही. तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

बरी झाल्यावर तिने नवी डोलकाठी मागितली, तीही माझ्याकडेच. आकडेमोड सांगत होती त्याच्या दुप्पट जाडीची नळी मी घेतली, खालपासून वरपर्यंत एकसारखी. बोरिवलीला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिने ती एका टोकाला धरून उचलली आणि लगेच खाली ठेवली.

“दादा, हा विजेचा खांब आहे रे. वर एवढं वजन असेल तर होडी पहिल्याच वाऱ्याला आडवी होईल ना.”

मोडणार तर नाही, मी म्हणालो.

“तुला झोप लागावी म्हणून मी बुडू का?”

ती हसत होती. मला हसू आलं नाही. पण त्या आठवड्यात मी कागद पुन्हा पुढे घेतला. डेकपाशी नळीच्या आत दुसरी आखूड नळी घट्ट बसवली. वर जाताना मात्र काठी बारीक होत गेली, म्हणजे जोराच्या वाऱ्यात शेंडा झुकेल आणि शीड थोडा वारा सोडून देईल. शिडाची खालची कड ताणून धरणारी आडवी नळी, बूम, तिलाही भोक पाडलं नाही. तिला खाली खेचणारा दोर जिथे लागतो, तिथे रुंद पट्टा गुंडाळला.

मग काठी आडवी बांधून तिच्यावर वाळूच्या पिशव्या टांगल्या. ती वाकत गेली तशी मी मान फिरवली. बहीण म्हणाली, बघ, बघायलाच तर आलोय. पिशव्या काढल्या. काठी सरळ झाली. मी हाताने चाचपून पाहिलं, मग दोरी ताणून पाहिलं. सरळच होती.

होडी पाण्यात घालायच्या सकाळी तिने पैसा मागितला. तो मी ड्रॉवरच्या तळाशी लपवला होता, पण येताना खिशात घातला होता, का ते सांगता येणार नाही. तिने तो लाइफ जॅकेटच्या खिशात टाकून चेन ओढली.

“इथे गंजायला काही नाही,” ती म्हणाली.

खाडीच्या मध्यावर वारा एकदम भरला. शेंडा झुकला, होडी कलली. मी जेटीचा कठडा धरून उभा होतो, पण या वेळी मान फिरवली नाही. शीड सैलावलं, होडी सावरली आणि पुढे निघाली.

परत आल्यावर तिने माझ्याकडे दोर फेकला आणि सांगितलं, पुढच्या रविवारी तूही चल. होडीत वजन हवंय, पण खाली बसलेलं.

मी लाइफ जॅकेट घेऊन ठेवलंय.